आधी चित्र, मग सुई

सकाळी ६.१०. विश्रामबाग, सांगली

डब्यात दोन भाकरी, मेथीची भाजी, कांदा. थर्मासमध्ये चहा. जानेवारीचा गारठा आहे, म्हणून ताई स्वेटरवर जर्किन चढवतात आणि स्कूटर बाहेर काढतात. वय चौतीस. मिरजेतल्या एका तपासणी सेंटरवर एमआरआयचं मशीन चालवतात, त्याला आता तेरा वर्षं झाली. पगार महिना २६ हजार. पेट्रोल आठवड्याला ३०० रुपयांचं. सेंटरवर सगळे त्यांना ताईच म्हणतात, नाव क्वचितच कुणी घेतं.

मिरज रोडवर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं लागतो. ओलांडता येत नाही. त्याच्या मागंमागंच जायचं.

"आज एक लहान पोरगं आहे," ताई सांगतात. "मांडीत गाठ. अकराची वेळ दिलीय. लहान मूल असलं की बाकीचा दिवस त्याच्याभोवती लावून घ्यावा लागतो."

६.५५. मिरज

या गावात माणसं आजार घेऊन उतरतात. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं रुग्णालय उभं केलं, क्ष-किरणांचा शोध लागायच्या आदल्या वर्षी. तेव्हापासून साताऱ्यापासून विजापूरपर्यंतचे लोक मिरजेच्या स्टेशनावर नि स्टँडवर गाठोडं घेऊन उतरतायत.

मावशींनी फरशी पुसून ठेवलेली. मावशींचा पगार ९ हजार, सकाळी साडेसहा ते दुपारी तीन. एमआरआयच्या खोलीत त्या लोखंडी बादली नेत नाहीत. त्यांची बादली प्लॅस्टिकची आणि पुसण्याची काठीही प्लॅस्टिकचीच.

हे मशीन रात्री बंद होत नाही. आतलं चुंबक द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशांवर बुडवलेलं असतं आणि कायम चालू असतं. थंडावा टिकवणारा पंप रात्रंदिवस 'चुक्‌ चुक्‌' करत राहतो. ताई तो आवाज आधी कान देऊन ऐकतात, मग दिवा लावतात. हेलियमची पातळी, चिलरच्या पाण्याचं तापमान, खोलीचं तापमान, सगळं वहीत निळ्या पेननं. मग द्रव भरलेला प्लॅस्टिकचा एक गोळा टेबलावर ठेवून त्याचंच चित्र काढायचं. गोळा गोल आला, कुठं पट्टा नाही, ठिपका नाही. मशीन ठीक आहे.

दीड टेस्लाचं चुंबक. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण ३० हजार पट. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत एका रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन अशाच खोलीत गेला, सिलिंडरसकट मशीनकडं ओढला गेला आणि जिवाला मुकला. ती बातमी कापून इथं दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. कागद पिवळा पडलाय. ताई तो काढू देत नाहीत.

८.२०

पोरगं आलं. वय आठ, वजन बावीस किलो. सोबत आई आणि आजोबा. गाव खटाव तालुक्यात, मायणीच्या पुढं. पहाटे निघून विटा, तासगाव करत एसटीनं आलेत. आजोबा पंच्याहत्तरीच्या पुढचे, त्यांना तिकीट नाही. आईला अर्धं, पोराला अर्धं. तिघांत मिळून एक तिकीट.

बाप तमिळनाडूत, सेलमला. गलाईच्या दुकानात कारागीर. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या भागातली हजारो माणसं याच धंद्यापायी देशभर पांगली आहेत. आजोबांनीही तीस वर्षं तेच केलं. मूस धरून धरून त्यांच्या उजव्या हाताची बोटं अजून वाकडीच राहतात.

गाठीची गोष्ट आई सांगते. दिवाळीत उजव्या मांडीवर फुगल्यासारखं दिसलं. पोरगं तालमीत जातं. तालमीत लागलं असणार, असं सगळ्यांनी धरलं. वस्तादांनी तेल लावून चोळलं. मग हळदीचा लेप. मग एका दवाखान्यात गोळ्या, पाच दिवस. दुखत नव्हतं, म्हणून पोरगं खेळत राहिलं. गाठ वाढत राहिली. त्याच दवाखान्यात गळू म्हणून फोडायचं ठरलं होतं.

त्याच आठवड्यात शाळेत तपासणीची गाडी आली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक. २०१३ पासून ही पथकं गावोगाव फिरतात. शाळेत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा. पथकातल्या डॉक्टरबाईंनी गाठ दाबून पाहिली आणि चिठ्ठीवर लिहिलं: 'गाठ खोल, घट्ट, न दुखणारी, वाढती. कापू नये. आधी सोनोग्राफी.'

ती चिठ्ठी आईनं आधार कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून आणलीय. मी ती हातात घेऊन दोनदा वाचली. मुलांच्या अंगावरच्या बहुतेक गाठी साध्या असतात. पण जी साधी नसते तिला गळू समजून फोडलं, किंवा चरबीची म्हणून वरवर काढलं, की तिच्या पेशी आजूबाजूच्या मांसात सांडतात. मग पुढच्या सर्जनला कुठपर्यंत कापायचं तेच कळत नाही. 'कापू नये' हे दोन शब्द त्या बाईंनी दिवसभरात दीड-दोनशे पोरं तपासताना लिहिले असतील. त्यांचे पाय धरावेत असं मला वाटतं.

८.४०

"शेवटचं काय खाल्लं?" ताई विचारतात.

"साडेचारला दूध दिलं, निघताना. तुम्ही सांगितलं होतं तसं," आई म्हणते.

"त्यानंतर काहीच नाही?"

आई गप्प. आजोबांकडं बघते.

"तासगावच्या स्टँडवर एक बिस्कीट दिलं," आजोबा म्हणतात. "सात वाजलं हुतं. पोरगं कळवळाय लागलं. बघवंना मला."

"एकच?"

"अर्धा पुडा."

"मामा, मी नको म्हटलं होतं ना," आई हळूच म्हणते.

ताई रागवत नाहीत. मशीनमध्ये पाऊण तास निपचित पडणं आठ वर्षांच्या पोराला जमत नाही. भूल द्यावी लागते. भुलेत पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेततं. म्हणून जेवण, दूध, बिस्कीट यांना सहा तास. पाण्याला दोन तास. सात अधिक सहा म्हणजे एक. ताई वहीत अकराच्या पुढं रेघ मारतात, दीड लिहितात आणि कंबरदुखीच्या दोन पेशंटना फोन लावतात, लवकर येता का म्हणून. भूलतज्ज्ञांनाही फोन. त्यांचं दुपारी दुसरीकडं ऑपरेशन आहे. ते "बघतो" म्हणतात.

आजोबा बाकावर बसून टोपी काढतात, घालतात.

"आजोबा, सांगितलंत ते बरं केलंत," ताई म्हणतात. "न सांगणारे असतात."

९.१५

सोनोग्राफी. गर्भलिंग तपासलं जात नाही ही पाटी, खाली कायद्याचं साल १९९४. गार जेली मांडीला लागली तसं पोरगं हसतं. हातात प्रोब धरलेले रेडिओलॉजिस्ट सर बोलत बोलत बघतात.

"तालमीत कुठला डाव येतो रं, पैलवान?"

"ढाक."

"आणि?"

"कलाजंग. पण अजून बसत न्हाय."

पडद्यावर करड्या रंगाचा गोळा. पाण्याची गाठ असती तर काळी दिसली असती. ही भरीव आहे. डॉपलर लावल्यावर आत लाल-निळे ठिपके लुकलुकतात, म्हणजे रक्त खेळतंय. मार लागून साकळलेल्या रक्तात असं नसतं. गाठ स्नायूच्या आवरणाच्या आत, खोल आहे. लांबी ६.२ सेंटिमीटर. सर आकडा सांगतात, ताई लिहितात. गाठ कॅन्सरची निघाली तर पाच सेंटिमीटरला महत्त्व आहे, त्यापुढची गाठ जास्त काळजीची.

सोनोग्राफीचे पैसे लावू नका, असं सर काउंटरला सांगतात.

१०.००

छातीचा सीटी. मांडीच्या गाठीला छातीचा फोटो कशाला, असं आजोबा विचारतात. बरोबर प्रश्न आहे. सर सांगतात: गाठ वाईट निघाली आणि रक्तातून फिरली, तर बहुधा आधी फुप्फुसात बसते.

हा सीटी भूल द्यायच्या आधी करायचा, यावर ताई ठाम आहेत. भुलेत श्वास उथळ होतो, फुप्फुसाचा पाठीकडचा भाग मिटतो आणि चित्रात तिथं पांढरं दिसतं. मग ते पांढरं म्हणजे भूल की आजार, हा घोळ. म्हणून जागेपणीच. ताई त्याला बाहेर चार वेळा सराव करायला लावतात. "फुगा फुगव पोटात. धर. धर. सोड." मशीनवर प्रत्यक्षात काही सेकंदांचं काम. पोरगं छाती फुगवून पडून राहतं, गाल लाल.

फुप्फुसं स्वच्छ दिसतात. सर एवढंच म्हणतात, "बरं आहे." आई त्या दोन शब्दांवर भिंतीला टेकते.

१०.४० ते १.००

थांबायचं. कंबरदुखीचे दोघं होऊन जातात, एक गुडघा होतो. पोराच्या हातात सुई लावून रक्त घेतलंय. एमआरआयचं औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन बघावं लागतं. पाणी अकरापर्यंत प्यायला दिलं, मग तेही बंद.

काउंटरवर हिशेब. सीटी २,५००. औषधासकट एमआरआय ७,५००. भूल ३,०००. गाठीचा तुकडा काढायची सुई १,७००. पॅथॉलॉजी १,२००. एकूण १५,९००. बापानं सेलमहून पहाटेच फोनवरून १५ हजार पाठवलेत, शेटजीकडून उचल घेऊन. उरलेले ९०० आजोबा बंडीच्या आतल्या खिशातून काढतात. शंभराच्या नोटा, घडी चारदा घातलेली. मोजून झाल्यावर रिकाम्या खिशावरून ते एकदा हात फिरवतात.

महात्मा जोतीराव फुले योजनेतून कॅन्सरचे उपचार होतात. पण त्याला आधी रिपोर्ट लागतो. आजाराचं नाव कळेपर्यंतचा खर्च घरचा.

१.१०

धातू शोधायचं काम. हे ताई कुणावर सोपवत नाहीत. पोराच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ताईत, आत काय आहे कुणाला ठाऊक नाही. काढला. कमरेला चांदीचा करदोटा.

"चांदी हाय. चुंबक धरत न्हाय," आजोबा म्हणतात. बापानं स्वतः गाळलेल्या चांदीचा आहे.

"तुमचं खरं आहे, आजोबा. पण कडीला लोखंडाची तार असते कधीकधी. शिवाय चित्र बिघडतं."

आजोबा स्वतः करदोटा सोडवतात, रुमालात बांधतात. आईच्या पदराची सेफ्टी पिन, केसातल्या चाप्या, पैंजण, सगळं ट्रेमध्ये. आई दारापर्यंतच येणार आहे, तरी.

मग ताई ड्रॉवरमधून ई जीवनसत्त्वाची एक हिरवी कॅप्सूल काढतात. औषधाच्या दुकानात मिळते तीच. गाठ जिथं हाताला लागते तिथं चिकटपट्टीनं लावतात. कॅप्सूलमधलं तेल चित्रात पांढरं चमकतं. बघणाऱ्याला कळतं, बोट इथं लागलं होतं.

१.३५

भूलतज्ज्ञ आले, धावतच. पांढरं दुधासारखं औषध सुईतून गेलं. पोरगं "दहा, नऊ, आठ..." म्हणता म्हणता सातवर थांबलं. आई बाहेर. ऑक्सिजनचं सिलिंडर ॲल्युमिनियमचं, लांब नळी. बोटाला नाडीचा चिमटा, हाही चुंबकात चालणारा. कानात स्पंजचे बोळे, वरून हेडफोन, कारण झोपलेल्याचेही कान दुखावतात. अंगावर ब्लँकेट. मांडीभोवती कॉइल पट्ट्यांनी बांधायची, फार घट्ट नाही. हे बांधताना ताई गुडघे टेकून बसतात. कॉइल जरा तिरकी बसली तर पाऊण तास वाया.

ठक ठक ठक. मग घर्र. मग पुन्हा ठक ठक, दुसऱ्या तालात. काचेपलीकडं ताई, सर आणि भूलतज्ज्ञ. पहिलं चित्र दोन्ही मांड्यांचं, कंबरेपासून गुडघ्याच्या खालपर्यंत. डावी मांडी तुलनेला. जांघेतल्या लसीकाग्रंथीही चित्रात आल्याच पाहिजेत, त्या सुजल्या असतील तर सगळा अर्थ बदलतो. मग गाठीची बारीक कापं. एकात चरबी पांढरी, एकात चरबी मुद्दाम काळी केलेली. तिसऱ्यात पाण्याचे रेणू पेशींच्या मधून किती मोकळे फिरतात ते. पेशी दाटीवाटीनं असल्या की पाणी अडतं.

अडलंय.

शेवटी औषध. गॅडोलिनियम, किलोला ०.२ मिली. बावीस किलोला ४.४. ताई सिरिंज उजेडाकडं धरून रेघ दोनदा बघतात. सावकाश ढकलतात. पुढच्या चित्रात गाठीची कड उजळून येते, मधला थोडा भाग काळा राहतो.

या पाऊण तासात ताई एकदाही खुर्चीला टेकल्या नाहीत. एक डोळा चित्रावर, एक नाडीच्या आकड्यावर. दीडशे मेंदू, हजार कंबरा, त्यांत अशी लहान मांडी वर्षाला दोन-तीन, असं त्या मला नंतर म्हणाल्या. "दुर्मीळ आहे म्हणूनच भीती वाटते. हात बसत नाही."

२.२५

पोरगं अजून भुलेत आहे. त्याच भुलेत तुकडा घ्यायचा, म्हणजे दुसऱ्यांदा उपाशी ठेवणं नको. सर्जन आलेत. सर आणि सर्जन पडद्यासमोर उभ्यानंच बोलतात.

गाठ मांडीच्या पुढच्या स्नायूत. हाडाला लागलेली नाही. मोठी धमनी मांडीच्या आतल्या बाजूला, गाठीपासून ४ मिलिमीटरवर. जांघेत संशयास्पद ग्रंथी नाही. मधला काळा भाग म्हणजे मेलेल्या पेशी. तिथं सुई घातली तर हाती काहीच लागणार नाही, कडेच्या उजळ भागातून घ्यायचं.

हे चित्र सुईच्या आधीच काढावं लागतं. सुई गेली की रक्त साकळतं, सूज येते, गाठ कुठं संपते ते पुसट होतं. एमआरआय गाठीचा पत्ता सांगतो. नाव सांगत नाही. नावासाठी तुकडाच लागतो.

सर्जन पेननं मांडीवर रेघ मारतात. उभी, मांडीच्या लांबीत. सुई ज्या वाटेनं जाईल ती वाट पुढं ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर काढावी लागू शकते. म्हणून आडवी नाही आणि दोन वाटा नाहीत. पुढं कापणाऱ्यानंच आज रेघ मारावी, हा सरांचा आग्रह.

आईची सही. बापाला फोन लावलाय. मागं भट्टीचा आवाज. "सही कर," तो म्हणतो. मग म्हणतो, "दुखंल का त्याला?"

२.४०

सोनोग्राफीवर बघत सुई आत. सोळा नंबरची. बटण दाबलं की स्टेपलरसारखा 'खट्' आवाज येतो. प्रत्येक खटीला शेवईएवढा बारीक, दोन सेंटिमीटर लांबीचा पांढुरका तुकडा. एक. दोन. सर दर वेळी जागा जराशी बदलतात, वाट तीच. सहा तुकडे. मग दहा मिनिटं बोटानं दाबून धरायचं. ते काम ताई करतात. पोरगं कण्हतं, पापण्या हलतात.

३.०५

फॉर्मॅलिनची बाटली. दहा टक्क्यांचं द्रावण. तुकड्यांच्या निदान दहापट तरी हवं, म्हणून मोठ्या तोंडाची बाटली, काठोकाठ. ताई चिठ्ठी बाटलीच्या अंगाला लावतात. झाकणाला नाही, कारण झाकणं बदलतात. नाव, वय, बाजू: उजवी, वेळ: २.५५. अर्जावर रिकामा रकाना ठेवायचा नाही. किती दिवसांची गाठ, मार लागला का, चित्रात काय दिसलं, हे सगळं पॅथॉलॉजिस्टला लागतं.

कारण सूक्ष्मदर्शकाखालीही हे सोपं नसतं. लहान, गोल, निळ्या पेशी. मुलांच्या चार-पाच वेगवेगळ्या कॅन्सरमध्ये अशाच दिसतात. मुलांच्या मऊ उतींच्या सार्कोमात निम्म्याच्या आसपास रॅब्डोमायोसार्कोमा असतो, स्नायू व्हायला निघालेल्या आणि वाट चुकलेल्या पेशींचा. तो ओळखायला डेस्मिन, मायोजेनिन अशा प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडं लावून रंग देतात. मायोजेनिनला केंद्रक तपकिरी झालं तर पेशी स्नायूकडची. त्यातही मुख्य प्रकार दोन. एकात बहुतेक वेळा दोन जनुकं तुटून एकमेकांना जोडलेली सापडतात आणि तो जास्त आडमुठा. औषधं किती, किती महिने, हे त्यावर ठरतं. ईविंगचा सार्कोमा निघाला तर सगळंच वेगळं. साधी निघाली, तर आनंदच.

हे सगळं आजोबांना सांगायला सरांना दहा मिनिटं लागली. आजोबा मान डोलवत होते. मग म्हणाले, "आमच्यातबी तसंच. पिवळं दिसतं म्हणून सोनं न्हाय. कसावर घासायचं, तेजाब लावायचं. त्याशिवाय भाव बोलायचा न्हाय."

"बरोबर," सर म्हणाले. "आज आपण घासून दिलंय."

४.३०

पोरगं शुद्धीवर. पहिलं वाक्य: "भूक लागलीया." आधी पाणी, चमचा चमचा. अर्ध्या तासानं चहात बुडवून बिस्कीट. पुड्याचा उरलेला अर्धा भाग आजोबांच्या पिशवीत होताच.

५.१५

पलीकडच्या रुग्णालयात फुले योजनेच्या आरोग्यमित्राचं टेबल. रिपोर्ट नसला तरी कागद बघून ठेवतो, असं त्यानं सांगितलंय. केशरी रेशनकार्ड. घरातल्या सहा जणांची नावं, पोराचं नाही. चढवायचं राहिलंय. आधार कार्डावर आडनावाची वेलांटी वेगळी. आरोग्यमित्र शांतपणे कागदावर लिहून देतो: तहसील कार्यालय, वडूज. हे आणि हे घेऊन जा. रिपोर्ट येईपर्यंत एवढं करा.

"मुंबईला जावं लागंल का?" आई विचारते. परळच्या टाटा हॉस्पिटलचं नाव तिनं गावातच ऐकलंय.

"रिपोर्ट येऊ द्या. इथलं इथं होण्यासारखं असलं तर इथं. नाहीतर काचा आणि मेणातला तुकडा तिकडं पाठवता येतो, आधी मत घेता येतं."

आई हे वाक्य स्वतःशी पुन्हा म्हणते. काचा. मेणातला तुकडा.

६.१०

पॅथॉलॉजीचा पोऱ्या मोटारसायकलवर. थर्माकोलच्या डब्यात आज सात बाटल्या. ताई वहीत त्याची सही घेतात, बाटलीवरचं नाव त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतात. रात्रभर तुकडे अल्कोहोलमधून, मग झायलिनमधून, मग वितळलेल्या मेणातून जातील. सकाळी कुणीतरी केसाहून पातळ कापं काढेल.

मायणीकडची गाडी गाठायची म्हणून तिघं स्टँडकडं निघालेत. आजोबांनी पोराला पाठकुळी घेतलंय. आठ वर्षांचं, बावीस किलोचं. आई म्हणते, "मामा, माझ्याकडं द्या." ते देत नाहीत. पोराच्या कमरेला करदोटा परत बांधलाय, शर्टाखालून कडी दिसते.

७.३०

शेवटचा पेशंट गेला. ताई टेबल पुसतात, कॉइल खुंटीला लावतात. किडनी ट्रेमध्ये हिरवी कॅप्सूल, चिकटपट्टीला दोन बारीक केस. ती कचऱ्यात. रजिस्टरमध्ये आजच्या एकवीस ओळी. आठव्या ओळीत 'निदान' या रकान्यात पेन्सिलनं पॅथॉलॉजीचा नंबर, बाकी मोकळं. दिवा बंद. पंप चुक्‌ चुक्‌ करतोय.

उद्या पुन्हा एक लहान मूल आहे, जतहून. डोक्याचा एमआरआय, वेळ दहाची. ताई दारात उभ्या राहूनच फोन लावतात.

"पहाटे चारनंतर काही द्यायचं नाही. दूध नाही. बिस्कीटसुद्धा नाही. पाणी आठपर्यंत चालेल." मग थांबून विचारतात, "सोबत आजी-आजोबा येणार आहेत का? त्यांना द्या जरा फोन."